डावीकडचा पट्टा

तीन वर्षं आमच्या टीव्हीला
डाव्या अंगाला दोन वीत काळोख होता.
चेंडू तिकडे गेला की
गोल झाला का, ते
भिंतीपलीकडच्या मानसियाच्या ओरडण्यावरून कळायचं.
सुनिल्दा म्हणायची, असू दे,
तुला तरी अर्ध्या गोष्टी कुठे दिसतात.

मंगळवारी उरलेलाही गेला.
मी पाठीवर दोन थपडा मारून पाहिल्या,
पोर्वेनीरच्या फेरीबोटीवर इंजिनाला मारायचो तशा.
इंजिन ऐकायचं.

बजेट तीन लाख पेसो.
त्यात तिच्या दाढेचे ऐंशी हजार धरून.
दाढ थांबेल, ती म्हणाली.
दाढ थांबत नसते हे दोघांनाही ठाऊक होतं,
पण जूनमध्ये इथे साडेपाचला रात्र होते
आणि सकाळी दहापर्यंत उठत नाही.
एवढ्या रात्रीत दोन म्हाताऱ्यांनी
एकमेकांकडे बघायचं तरी किती?

करमाफीच्या बाजारात
एका भिंतीवर छत्तीस टीव्ही,
छत्तिसांवर एकच पोपट.
मग मध. मग कापलेलं डाळिंब.
मग पुन्हा पोपट.
येर्को नावाचा पोरगा सांगत होता,
या मॉडेलचा काळा बघा, काय खोल आहे.
मी म्हटलं, बाळा, पुन्ता अरेनासमध्ये
काळा रंग आम्हाला विकत घ्यावा लागत नाही.
करडा दाखव.
पाऊस येण्याआधी सामुद्रधुनी असते, तसला.
तो म्हणाला, तसं काही नाही, दुकानात फक्त पोपट आहे.

सुनिल्दाने पर्समधून शिवणकामाची टेप काढली.
आमचं फडताळ अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर.
मोठा टीव्ही पैशांत बसत होता, भिंतीत बसत होता,
पण त्याचे पाय
दोन टोकांना, एकशे सात.
अंथरूण पाहून पाय पसरावे, हे
या कारखानदारांना कोणी शिकवलं नाही.
येर्को म्हणाला, मग नवं फडताळ घ्या.
तिने त्याच्याकडे असं पाहिलं
की पोपटसुद्धा एक क्षण थांबला.

घेतला शेवटी त्रेचाळीस इंची, गेल्या वर्षीचा,
दोन लाख एकोणीस हजार.
तिने हाताच्या बोटांवर वजाबाकी केली,
मग जिभेने दाढ चाचपली,
आणि काही बोलली नाही.
मीही काही बोललो नाही.

बाहेर वारा.
उभं आयुष्य पाण्यावर काढलं,
पण शीड धरलं ते त्या दिवशी, पुठ्ठ्याचं.
खोकं, मी, सुनिल्दा आणि कोण एक पोलीस
असे चौघे तिरके तिरके
गाडीच्या विरुद्ध दिशेला गेलो.

रात्री नऊला हवामान.
एवढी वर्षं त्या काळोखातून फक्त एक हात यायचा,
अंगठ्यात तांब्याची अंगठी,
वाऱ्याचे बाण दाखवायचा आणि परत जायचा.
खाली नावाचं शेपूट तेवढं दिसायचं: …नोविच.
आम्ही म्हणायचो, आज हात थकलेला दिसतो.
हाताने नखं रंगवलीत, काहीतरी असणार.
एकदा दोन आठवडे वेगळाच हात आला,
तेव्हा सुनिल्दाने मेणबत्ती लावली होती.

आज पट्टा नव्हता.
डावीकडे एक आख्खी बाई उभी होती.
यास्ना बेलानोविच.
चष्मा, थोडी पुढे आलेली हनुवटी,
वय आमच्या थोरलीएवढं.
ताशी एकशे दहा किलोमीटर, ती म्हणाली,
पत्रे बांधून ठेवा.
आणि हसली.
म्हणजे हे ती हसून सांगायची, रोज.

मी खुर्ची सरकवली.
तीन वर्षांच्या सवयीने ती उजवीकडे तिरकी होती.
सुनिल्दा बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
मला वाटलं होतं, उंच असेल.